पासंग

मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
रुबीना मुजावर बाबांसमोर कार्डं मांडते.
गाय. कात्री. तांब्या. छत्री.
बाबा बघतात. ओठांचा उजवा कोपरा उतरलेला.
"पण," म्हणतात. "पण... तर... पण."

'पण'चं कार्ड नसतं.
मी खोकं उलटंपालटं करून पाहिलं.
एकशे वीस चित्रं,
एकातही 'तर' नाही.

हे नेमगोंडा चौगुले,
सांगलीच्या हळदपेठेत एकतीस वर्षं तोलार.
"माल चांगला हाय, पण बुडाला वल्ला हाय."
एवढ्या एका 'पण'वर
क्विंटलमागं दोनशे रुपये खाली यायचे
आणि व्यापारी, शेतकरी, दोघेही गप्प बसायचे.

मी त्यांची मुलगी. पुण्यात पोट भरते
अशा एका भाषेवर, जी कुणी लिहिली नाही,
जिच्यातलं एकही वाक्य
कुणाच्या कानात शिल्लक नाही.
तिच्यातला घोडा सापडलाय, चाक सापडलंय,
मध तर जवळजवळ जसाच्या तसा.
दीर आणि सून आमच्या उंबऱ्यापर्यंत चालत आले.
हाल होतात ते बारक्यांचे.
आघात नाही, वजन नाही,
दुसऱ्याच्या पाठीला टेकून उभे.
बोलणारा घाईत गिळतो, पोरं अर्धंच ऐकतात,
आणि दोनशे पिढ्यांनी आम्ही भांडत बसतो
की तिथे स्वर होता, का नुसता श्वास.

एकदा बाबांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं होतं.
"ही फुली कशाला?"
जे कुणी ऐकलेलं नाही, त्याच्या आधी लावतात.
"आमी वादाच्या पोत्यावर मारायचो. मग तुला कसं कळलं?"
म्हटलं, सहा भाषा एका अंगाला झुकलेल्या दिसतात,
रिकाम्या पारड्यात काहीतरी असणार.
ते हसले. "म्हंजे पासंगच की."
त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चपटा खडा असे,
पारडी सारखी करायला.
पावतीवर त्याचं नाव नाही, कुणी त्याचा भाव केला नाही.
काढला, की सगळी हळद खोटी.

तेव्हा मी '*क्वे'वर लिहीत होते.
अर्थ: आणि.
पुढे कधी उभा राहिला नाही, मागूनच चिकटला.
घोडा-क्वे, चाक-क्वे.
संस्कृतात त्याचा 'च' झाला.
प्राकृताच्या वाटेवर 'एव' भेटला, दोघं एकमेकांत विरघळले,
आणि मराठीत उतरले तेव्हा
मीच. तूच. आजच.
जो सगळ्यांना आत घ्यायचा
तो बाकीच्यांना बाहेर ठेवू लागला.
हे कसं झालं त्याची मी चोवीस पानं लिहिली.
छापूनही आली.
मला अजून पटलेलं नाही.

मंगळवारी परतताना रिक्षा विश्रामबागच्या सिग्नलला थांबली.
बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं
आणि म्हणाले, "च."

नुसता.
आधी काही नाही, नंतर काही नाही.
इतक्या हजार वर्षांत तो एकटा कधी उभा राहिला नव्हता.
माझ्याकडे नेहमी घोडे असतात, चाकं असतात,
दुवा सापडत नाही.
इथे दुवा हातात,
आणि ज्याला तो लागायचा ते नाव गेलेलं.

तूच? घरीच? पाणीच?
आईच? तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
प्रत्येकाला त्यांनी मान हलवली;
हो म्हणून की नाही म्हणून, मला ओळखता आलं नाही.
"च," पुन्हा. जरा चिडून,
पोतं उचलायला उशीर करणाऱ्या हमालाकडे बघावं तसं.

सिग्नल सुटला.

रात्री वहीत तारीख घातली.
एक फुली काढली,
जागा सोडली,
आणि 'च' लिहिला.
जागा किती सोडायची ते कळेना,
म्हणून खुंटीवरच्या सदऱ्यातला खडा
मध्ये ठेवला
आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली.